भूक मारणारी माकडशिंग

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

भाकरी थापत असाल तर थापत राहा, शेरडांना पाला टाकत असाल तर टाका. कान तेवढा इकडं असू द्या. आज एका झाडाची गोष्ट सांगणार आहे. झाड म्हणणं जरा जास्तच होईल, कारण ते वीत-दीड वीत उंचीचं असतं आणि त्याला पानंही नसतात. पण त्याच्यामुळं आमच्या गटात जे काही झालं, ते तुमच्याही गटात होऊ शकतं.

पावसाळा सरतानाची वेळ. आमची मासिक सभा देवळाच्या ओट्यावर चालली होती. बचत गोळा झाली, ठराव वहीत सह्या झाल्या आणि तालुक्याहून आलेल्या एका बाईंनी पिशवीतून बरणी काढली. साठ कॅप्सूलची बरणी, किंमत १,४९९ रुपये. सकाळ-संध्याकाळ एकेक घ्यायची, भूकच लागत नाही, महिन्यात पाच किलो उतरतात, झाडपाल्याचं आहे म्हणून त्रास काही नाही, असं त्या एका दमात बोलल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, तुम्ही समन्वयक. तुमचा शब्द बाया मोडत नाहीत. एका बरणीमागं दोनशे तुमचे."

खोटं कशाला बोलू, मी मनात हिशेब केला. माझ्याकडं अकरा गट. गटाला एक बरणी धरली तरी बावीसशे रुपये. धाकट्याची फी भरायची राहिली होती.

तेवढ्यात बरणी हातोहात फिरत आमच्या आत्याबाईंकडं, म्हणजे माझ्या सासूबाईंकडं गेली. त्या सत्तरीच्या आहेत. सभासद नाहीत, पण सभा चुकवत नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, बरणीवरचं चित्र डोळ्याजवळ धरलं आणि म्हणाल्या, "आगं, ही तर शिंदळमाकडी! हिला पैसं देऊन कोण खातंय?"

अख्खा ओटा हसला. नाव जरा रांगडं आहे, रेडिओवर घेताना मलाही चाचरायला होतं. म्हणून मी आपलं माकडशिंग म्हणते. कुणी माकडशेंगही म्हणतात. शास्त्रातलं नाव कॅरलुमा.

तुमच्यातल्या शेरडं-मेंढरं राखणाऱ्यांनी हिला नक्की पाहिलेलं असणार. माळाला, मुरमाड उताराला, दगडाच्या फटीत नाहीतर बोरी-बाभळीच्या बुडाशी ती दडून बसते. बोटासारखे मांसल, चार कडांचे हिरवट करडे कोंब. पावसाच्या दिवसांत कोंबाच्या शेंड्याकडं छोटी जांभळट फुलं येतात, त्यांच्या कडेला बारीक केसांची झालर असते. वास घ्यायला जाऊ नका, तो माश्यांसाठी आहे. मग दोन-दोन शेंगा शिंगांसारख्या उभ्या राहतात, वाळल्या की फुटतात आणि आतून रेशमाच्या शेंडीचं बी वाऱ्यावर उडतं. रुईच्या म्हाताऱ्या उडतात ना, तसंच. कारण रुई आणि माकडशिंग एकाच कुळातल्या. निवडुंगासारखी दिसली तरी ही निवडुंग नव्हे. निवडुंग म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या शेराला किंवा कुंपणाच्या काटेरी निवडुंगाला मोडल्यावर पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत-तोंडात गेला तर फार वाईट. माकडशिंग मोडली तर पाण्यासारखा रस येतो. तरीही माझं ऐकून कुणी माळावरून काहीतरी तोडून तोंडात घालू नका. ज्या म्हातारीनं ते आधी खाल्लंय तिला दाखवल्याशिवाय तर नाहीच.

आमच्याकडची अशी म्हातारी म्हणजे आत्याबाई. त्या रात्री चुलीपुढं बसून त्यांनी मला बहात्तरचा दुष्काळ सांगितला. यापूर्वीही सांगितला होता, पण मी कधी नीट ऐकला नव्हता. १९७२ साली त्या पंधरा-सोळा वर्षांच्या, नव्यानं लग्न होऊन आलेल्या. गावच्या गाव खडी फोडायला. खायला रेशनवरची मिलो, ती तांबडी ज्वारी, आणि कामावर मिळणारी सुकडी. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे. कामावर जाता-येता माळावर माकडशिंग दिसली की बाया कोंब खुडायच्या, कडा खरवडायच्या आणि मिठाच्या खड्याबरोबर चावत चालायच्या. आंबट-तुरट, थोडी कडवट. घरी मूठभर आणली तर ठेचून चटणी किंवा उकडून भाजी.

मी विचारलं, "आत्या, मग भूक मरायची का खरंच?"

त्या म्हणाल्या, "भूक कुठली मरतीया? जरा येळ गप बसायची. पोरगं कसं चोखणीनं गप बसतं, तसं. घरी आलं की पुन्हा हायेच."

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागेल. बरणीवर मात्र वेगळंच लिहिलं होतं. रानातले शिकारी म्हणे ही वनस्पती खाऊन दिवसेंदिवस जेवणाशिवाय राहत. आत्याबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "जेवण हुतं का त्यांच्याकडं, इचार की."

माझं बीए समाजशास्त्रातलं. वनस्पतींमधलं मला काही कळत नाही. म्हणून आमच्या जुन्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या सरांना गाठलं. त्यांनी समजावलं, वाचायला दिलं, आणि जे कळलं ते आता तुम्हाला सांगते. सुरुवात करावी लागेल ती आफ्रिकेतून, कारण माकडशिंगेची एक मावसबहीण तिकडं राहते आणि आपल्या माकडशिंगेला बरणीत घालायची कल्पना तिच्यामागूनच जोरात आली.

तिचं नाव हुडिया. आफ्रिकेच्या दक्षिणेला कालाहारी नावाचा कोरडा मुलूख आहे. तिथं सान नावाचे लोक राहतात, पिढ्यान्‌पिढ्या शिकार करून आणि कंदमुळं खणून जगलेले. पाणी नाही, सावली नाही, शिकारीमागं लांबच लांब चालायचं. अशा वेळी ते हुडियाचे काटे खरवडून आतला गर काकडीसारखा खायचे. तहान-भूक तेवढी दबायची. म्हणजे आपल्या खडी फोडणाऱ्या बाया जे करत होत्या तेच, फक्त समुद्रापलीकडं.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेनं १९६३ च्या सुमारास रानातल्या खाण्याजोग्या वनस्पती तपासायला घेतल्या, त्यात हुडिया होती. पुढं तिच्यातला एक घटक वेगळा काढला, त्याला 'पी ५७' असं नाव दिलं आणि १९९० नंतरच्या काळात त्याचं पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे सातबाऱ्यासारखं समजा, पण जमिनीचा नव्हे, शोधाचा. ज्याच्या नावावर आहे त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्यानं त्यातून धंदा करायचा नाही. परिषदेनं १९९७ मध्ये हे हक्क इंग्लंडमधल्या फायटोफार्म कंपनीला वापरायला दिले, तिनं १९९८ मध्ये अमेरिकेच्या फायझर या बड्या औषध कंपनीला. जाड झालेल्या श्रीमंत देशांना भूक मारणारी गोळी मिळणार म्हणून मोठा गाजावाजा झाला.

या सगळ्यात सान लोकांना कुणी विचारलंच नव्हतं. हक्क परिषदेकडं, करार कंपन्यांचे, आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांनी हे झाड चावून पाहिलं होतं त्यांना पत्ताच नाही. २००१ मध्ये वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तेव्हा फायटोफार्मचे प्रमुख म्हणाले की ते लोक आता उरलेच नाहीत असं आपल्याला वाटत होतं. आणि सान लोक तर तिकडच्या देशांत मिळून लाखाच्या घरात आहेत! मला हे वाचून राग आला तसंच हसूही आलं. जनगणनेत बाईचं नाव राहून जातं, रेशनकार्डात राहून जातं. इथं अख्खा समाजच राहून गेला.

सान लोकांनी वकील धरला, आपली परिषद पुढं केली आणि २००३ मध्ये करार झाला. संशोधन परिषदेला जी रॉयल्टी मिळेल तिच्यातले सहा टक्के आणि औषधाच्या कामात एकेक टप्पा पार पडताना जे पैसे येतील त्यांतले आठ टक्के सान लोकांच्या निधीत. सहा टक्के मालाच्या किमतीतले नव्हेत हं, परिषदेच्या वाट्यातले. शंभर रुपयांच्या गोळीतून परिषदेला समजा पाच रुपये मिळाले तर त्या पाचातले सहा टक्के, म्हणजे तीस पैसे. थोडे वाटतात. पण ज्ञान तुमचं होतं हे कागदावर आलं, आणि जगभर या कराराचं उदाहरण आजही देतात.

पैसे मात्र फारसे आले नाहीत. त्याच वर्षी फायझर बाजूला झाली. मग २००४ मध्ये साबण-चहा विकणारी युनिलिव्हर पुढं आली, हुडिया घातलेली पेयं काढू म्हणाली आणि २००८ मध्ये तिनंही काम सोडलं. का सोडलं त्याचा अंदाज नंतर छापून आलेल्या एका चाचणीवरून येतो. वजन जास्त असलेल्या ४९ निरोगी बायकांवर ती झाली. पंधरा दिवस काहींना दह्याच्या पेयातून हुडियाचा अर्क दिला, काहींना नुसतंच तसंच दिसणारं पेय. कुणाला काय मिळतंय ते त्यांना माहीत नव्हतं. दोन्हीकडच्या बायका सारख्याच जेवल्या आणि वजनातही फरक पडला नाही. अर्क घेणाऱ्यांना मात्र मळमळ, उलट्या, कातडीला विचित्र चरचर असे त्रास जास्त झाले, रक्तदाब आणि नाडी वाढली, आणि यकृताची काही मोजमापं बदलली.

मग आधी एवढी आशा कशावर होती? उंदरांवर. 'पी ५७' थेट उंदरांच्या मेंदूत टोचलं तेव्हा ते कमी खायला लागले होते. आपण काही डोक्यात सुई टोचून घेणार नाही, आपण गोळी पोटात घेणार. या दोन्हींत फार अंतर आहे.

मोठ्या कंपन्यांची गोळी आलीच नाही, पण बाजार थांबला नव्हता. हुडियाच्या नावानं कॅप्सूल, चहा, चॉकलेट सगळं विकलं जात होतं, आणि कित्येकांत हुडिया नावापुरती किंवा अजिबात नसायची. माळावरची खरी झाडं मात्र उपटली जात होती. इतकी, की २००४ मध्ये हुडियाच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियम लावावे लागले.

आता आपल्या माकडशिंगेकडं येऊ. हुडियात ज्या जातीचे घटक आहेत, त्याच जातीचे माकडशिंगेतही आहेत. म्हणून तिचाही अर्क निघाला आणि कॅप्सूल झाल्या. परदेशातही विकतात. तिची पहिली नाव घेण्यासारखी चाचणी बंगळूरमध्ये झाली, २००७ मध्ये छापून आली. पन्नास माणसं, साठ दिवस, निम्म्यांना रोज एक ग्रॅम अर्क आणि निम्म्यांना तसाच दिसणारा बिनऔषधी डोस. अर्क घेणाऱ्यांच्या कमरेचा घेर कमी भरला आणि भूक कमी वाटते असं त्यांनी सांगितलं. पण दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढं जम्मूमध्ये ८९ जणांवर बारा आठवडे पाहिलं, तेव्हा ना मापांत फरक, ना भुकेत. इतर काही छोट्या अभ्यासांत थोडा फायदा दिसला, काहींत नाही. म्हणजे आत्याबाई म्हणाल्या तेच. जरा वेळ गप बसवत असेल, कुणाला जास्त, कुणाला कमी. महिन्यात पाच किलो हे कुठल्याही चाचणीत मला सापडलं नाही.

आणखी एक सरांनी दाखवलं, ते मला एकदम पटलं. आत्याबाई खायच्या ते ताजे कोंब, दोन-चार, कधीतरी. कॅप्सूलमध्ये असतो तो अर्क. कित्येक कोंबांचं सार आटवून भुकटी केलेलं, आणि तेही रोज, दोन-दोन महिने. गवती चहाचं पातं चहात टाकणं वेगळं आणि त्याचं काढलेलं तेल चमच्यानं पिणं वेगळं. "आपल्या आजीनं खाल्लं म्हणजे निर्धोक" ही जी ओळ बरणीवर असते ती इथं अडकते. आजीनं बरणीतलं खाल्लेलं नाही.

आता आमच्या गटातल्या एका ताईची गोष्ट. तिला विचारून सांगते आहे, नाव घेणार नाही. त्या दिवशी ओट्यावर सगळ्या हसल्या, पण सभा उठल्यावर हिनं गुपचूप बरणी घेतली. पुढच्या सभेत आणखी दोन बरण्यांसाठी तीन हजारांचं अंतर्गत कर्ज काढलं. वहीत कारण लिहिलं 'घरखर्च'. मी सही केली. विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

तिच्या लग्नाला चौदा वर्षं झालीत. दोन बाळंतपणं, नंतर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर अंग सुटलं. नवरा चारचौघांत "आमचा ट्रॅक्टर" म्हणायचा. बाकीचे हसायचे, ती पण हसायची. कॅप्सूल घेताना तिनं बाईंनी सांगितल्याप्रमाणं दुपारची भाकरी बंद केली, सकाळी नुसता चहा. दीड महिन्यानं कांद्याच्या खुरपणीत ती वाफ्यातच कोसळली. उपकेंद्रात नेलं तर रक्त ७.८. बाईचं रक्त निदान १२ असावं लागतं. डॉक्टर म्हणाले, हिचं रक्त आधीपासूनच कमी असणार. दीड महिन्यात वजन उतरलं होतं दोन किलो, आणि ते दुपारची भाकरी सोडली तरीही उतरलंच असतं.

कॅप्सूलमुळंच तिला चक्कर आली असं मी म्हणत नाही, तसं कुणी तपासलेलं नाही. पण ज्या बाईच्या अंगात रक्त नाही तिची भूक दाबायची म्हणजे काय होतं ते आम्ही वाफ्यात पाहिलं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागं ५४ जणींचं रक्त कमी निघालं. वजन जास्त असलेल्या देशात शंभरात २४. या दोन आकड्यांतल्या बाया वेगळ्या असतात असं आपल्याला वाटतं. ती तशी नसते. अंग भरलेलं आणि रक्त कमी, अशी एकच बाई दोन्हीकडं असू शकते. पोट भरतं भाकरी, भात आणि बटाट्यानं, आणि डाळ, पालेभाजी, अंडं शेवटी ताटात उरलं तर.

वजनाचा प्रश्न खोटा आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. गुडघे दुखतात, साखर निघते, बीपी निघतं, आणि हे आता शहरातच राहिलेलं नाही. पण तिशीच्या पुढच्या प्रत्येकीची साखर आणि बीपी सरकारी उपकेंद्रात पैसे न घेता तपासतात. आधी ते करून घ्या. रक्त तपासून घ्या. आणि पोटात बाळ असेल, अंगावर पाजत असाल, साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर भूक मारणाऱ्या कसल्याही बरणीला हात लावण्याआधी डॉक्टरांना बरणीच नेऊन दाखवा. साखरेची गोळी घेऊन जेवण टाळलं तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतं, हे आपल्यातल्या अनेकींनी घरात पाहिलंय.

बरणी हातात आलीच तर तिच्या पाठीमागचं बारीक अक्षर वाचा, पुढचं मोठं नको. खाण्याच्या पूरक पदार्थावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक असला पाहिजे. तो असला म्हणजे माल गुणकारी आहे असं नाही. बनवणाऱ्यानं परवाना घेतलाय, तक्रार करायची झाली तर पत्ता सापडेल, एवढंच. अशा पदार्थानं साखर बरी होते, थायरॉईड जातो असं लिहायला कायद्यानं परवानगी नाही. लिहिलं असेल, तर तिथंच बरणी खाली ठेवा. आमच्या बरणीवर माकडशिंगेचं चित्र केवढं तरी मोठं, आणि मागं घटकांच्या यादीत तिचं नाव पाचवं होतं. किती मिलिग्रॅम ते लिहिलेलंच नव्हतं.

मी बावीसशे रुपये घेतले नाहीत. फार शहाणपणानं नाही. आत्याबाईंनी हसं केल्यावर घेणार कुठल्या तोंडानं? त्या ताईच्या कर्जाचं व्याज गटानं ठराव करून माफ केलं. मुद्दल ती फेडते आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या तपासणीला रक्त १०.२ होतं. नवऱ्याला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, तेव्हापासून ट्रॅक्टर बंद आहे म्हणते.

इथं गोष्ट संपली असती, पण उन्हाळ्यात एक व्यापारी आला. जीपमधून उतरला, पारावर बसला आणि मोबाइलवर माकडशिंगेचा फोटो दाखवून म्हणाला, ओला माल किलोला चाळीस रुपये, कितीही आणा. पोरांना सुट्टी होती. चार दिवसांत पोरांनी आणि काही बायांनीही ओढ्याच्या वरचा उतार साफ केला. कोंब खुडले असते तरी चाललं असतं, खालून पुन्हा फुटतात. तुकडा मातीत खोचला तरी लागतो. पण घाईत सगळं मुळासकट उपटलं. आत्याबाई काठी टेकत बघून आल्या आणि दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

चाळीस रुपये वाईट नाहीत, उन्हाळ्यात हाताला काम नसताना तर नाहीच. ज्यांनी उपटलं त्यांना मी नावं ठेवत नाही. पण व्यापाऱ्याला चार प्रश्न विचारायला हवे होते. कुणासाठी नेतो, कशासाठी नेतो, परवानगी आहे का, आणि ग्रामपंचायतीला काय देणार. हे प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे. २००२ चा जैवविविधता कायदा आहे आपल्याकडं. त्याप्रमाणं ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्यात बायकाही असतात. गावातल्या झाडांची, जनावरांची, बियाण्यांची आणि ती कशी वापरतात या माहितीची लोकजैवविविधता नोंदवही ठेवणं हे तिचं काम. धंद्यासाठी माल नेणाऱ्या कंपनीनं राज्याच्या जैवविविधता मंडळाला कळवून, मिळकतीतला वाटा द्यायचा असतो. आपलं मंडळ नागपूरला आहे. २०२३ मध्ये या कायद्यात बदल झाले, वैद्यांना आणि आयुष औषधांना काही सवलती मिळाल्या. पण समिती आणि नोंदवही आहेच. घरच्या वापरासाठी आपण दोन कोंब खुडले तर त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आमच्या पंचायतीत चौकशी केली तर समिती होती, कागदावर. मला न विचारता माझंच नाव सदस्य म्हणून लिहिलेलं होतं! नोंदवही कपाटात सापडली. कुण्या एजन्सीकडून भरून घेतलेली, आंबा, चिंच, लिंब असं सगळं ओळीनं लिहिलेलं. माकडशिंग नव्हती. सान लोकांची गोष्ट मला तेव्हा पुन्हा आठवली. कपाटातल्या वहीप्रमाणं पाहिलं तर आमच्या माळावर माकडशिंग नव्हतीच आणि ती कुणी खाल्लीही नव्हती.

मग गटानं ठराव केला आणि ग्रामसेवकांच्या सहीनं पुरवणी पानं जोडली. आत्याबाई सांगत होत्या, ती ताई लिहून घेत होती, कारण तिचं अक्षर चांगलं आहे. नाव, कुठं उगवते, कधी फुलते, कशी खातात, दुष्काळात कुणी कुणी खाल्ली. औषधाच्या रकान्यात काय लिहू असं ताईनं विचारलं. आत्याबाईंनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "औषद न्हाई, खाणं लिही."

माळावरच्या चार जागा त्यांना माहीत होत्या. एक आता उरलीच नाही. दोन वहीत लिहिल्या. चौथी लिहू दिली नाही. ती मला आणि ताईला पहाटे नेऊन दाखवली. तिथून आणलेले सहा तुकडे आम्ही शाळेच्या कुंपणाकडेला दगडांच्या आडोशाला लावलेत, त्यातले चार लागले.

तुमच्या गावात हिला काय म्हणतात, कशी खातात, भाजी करतात की चटणी, ते आम्हाला कळवा. फोनवर सांगितलं तरी चालेल, रेकॉर्ड करून घेऊ. घरातल्या म्हातारीलाच बोलायला लावलंत तर फार बरं. पुढच्या गुरुवारी याच वेळेला आशाताई आपल्याबरोबर असतील, लोहाच्या गोळ्यांनी पोट का बिघडतं आणि त्या कशा घ्यायच्या ते सांगायला.